सहा चोक अठ्ठावीस

शाळेचा सांगावा आला तेव्हा हौसाक्का ओसरीवर कोयत्याला धार लावत बसली होती. सांगावा आला सुनेच्या मनगटावरच्या घड्याळात, आणि त्या आगाऊ घड्याळानं तो चारचौघांत वाचावा तसा मोठ्यानं वाचूनही दाखवला. "शर्वी किरण वडतिले, इयत्ता तिसरी. पालकांनी उद्या अकरा वाजता गणिताच्या वर्गात यावे. विषय, पायाभरणी वर्गाचे संमतीपत्र."

"पायाभरणी म्हणजे काय गं?" हौसाक्कानं विचारलं.

ऋतुजा सेतू केंद्रातून नुकतीच आली होती. पर्स खांद्यावरच होती. "ज्यांना येत नाही त्यांचा वेगळा वर्ग, आत्या." सासूला ती आत्याच म्हणायची.

"मग आलं की परत वर घेतात?"

"कागदावर घेतात."

"आणि खरं?"

ऋतुजानं पर्स खुंटीला लावली आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. हौसाक्कानं कोयता खाली ठेवला. दुसरी नापास बाई, पण न दिलेलं उत्तर वाचायला शाळा लागत नाही.

फलटणच्या बुरूड आळीत हौसाक्काचं घर म्हणजे शेवटचं चालतं दुकान. नवरा गेला तेव्हा पदरात तीन पोरं आणि आढ्याला लावलेले चाळीस बांबू, एवढंच होतं. त्यातून तिनं पोरं वाढवली, घर बांधलं, आणि आता बासष्टी ओलांडली तरी चार बायका हाताखाली घेऊन सुपं, दुरड्या, रोवळ्या करत होती. जीभ कोयत्यासारखी. एका गिऱ्हाइकानं दुरडी हातात घेऊन "मशीनवर केलेली का?" असं विचारलं, तर ती म्हणाली होती, "मशीनवर तुम्ही झालेला दिसताय. दुरडी हातानं केलीय."

तिचा थोरला किरण ट्रकवर. महिन्यातून चार दिवस घरी. त्यामुळं घरात बाया तीन. हौसाक्का, ऋतुजा आणि आठ वर्षांची शर्वी.

आता त्या यंत्राचं सांगायला हवं.

माणूस डोळे मिटून एखादी वस्तू आठवतो, तेव्हा मेंदूचा मागचा भाग, ज्यानं आपण एरवी बघतो तोच, हळू आवाजात काम करायला लागतो. समोर आंबा नसताना आंबा दिसतो तो असा. त्या कामाची विजेची बारीक कुजबुज कवटीबाहेरूनही ऐकता येते. चार बोटं रुंदीची एक करडी पट्टी डोक्याच्या मागं बांधायची. ती कुजबुज पकडते. आधी हजारो पोरांच्या डोक्यांवरून तयार केलेला एक कोश यंत्रात असतो, कुठल्या कुजबुजीला कुठलं चित्र याचा. त्यावरून यंत्र समोरच्या फळ्यावर पोराच्या मनातलं चित्र काढून दाखवतं. नाव मोठं इंग्रजी होतं. गाव त्याला मनफळा म्हणायचं.

बाईंनी "तीन चोक" म्हटलं की पोराच्या मनात ठिपक्यांच्या तीन रांगा उभ्या राहायच्या, एकेकीत चार. त्याच फळ्यावर दिसायच्या. एखाद्याच्या रांगेत पाचवा ठिपका घुसला असेल तर बाई तिथंच बोट ठेवायच्या. पाठांतर बंद झालं. पोपटासारखं म्हणायचं आणि मधेच विचारलं की तोंड वासायचं, हा प्रकार संपला. सहा वर्षांत तालुक्यातली पोरं गुणाकाराला भिईनाशी झाली. यंत्र चांगलं होतं, हे हौसाक्कासुद्धा कबूल करायची, आणि ती सहसा काही कबूल करत नसे.

फक्त शंभरात दोन-तीन पोरांचा फळा कोराच राहायचा. त्यांच्यासाठी पायाभरणी.

दुसऱ्या दिवशी तिघी शाळेत गेल्या. गणिताच्या भोईटे मॅडम चाळिशीतल्या, घसा कायम बसलेला. त्यांनी खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, आणि शर्वीच्या डोक्याला पट्टी बांधली.

"शर्वी, बे चोक?"

पोरीनं मांडीवर दोन्ही हात ठेवले होते. बोटं जराशी हलली. "बारा."

फळा कोरा.

"तीन चोक?"

"बारा."

"चार चोक?"

"वीस."

ऋतुजानं डोळे मिटून घेतले. मॅडम दहापर्यंत विचारत गेल्या. सहा चोक अठ्ठावीस झाले, आठ चोक छत्तीस. फळा धुतल्यासारखा पांढरा.

"बघितलंत?" मॅडम मवाळपणे म्हणाल्या. "निम्मी उत्तरं बरोबर येतात, निम्मी चुकतात. अंदाजानं सांगते. चित्र उमटतच नाही. आणि चित्राशिवाय आलेलं उत्तर आम्हाला धरता येत नाही. पाठ केलेलं कुठलं आणि समजलेलं कुठलं, हे कळावं म्हणून तर हे आणलंय."

"मी घरी घेते ना अभ्यास," ऋतुजा म्हणाली. "रोज घेते. मलाही ती अशीच उत्तरं देते."

"तुमची चूक नाही हो. हे बघा, आलेखावर मांडून दाखवते." मॅडमनी फळ्यावर दोन रेघा ओढल्या, एक आडवी, एक उभी. आडवीवर एक ते दहा. "जितकं उजवीकडं जाल तितकं वर चढायचं, दर पावलाला चार घरं. बरोबर उत्तरांचे ठिपके असे सरळ तिरक्या रेघेत येतात." हिरवे ठिपके शिडी टेकवल्यासारखे सरळ चढत गेले. "आणि हे शर्वीचे." लाल ठिपके उमटले.

हौसाक्कानं आयुष्यात आलेख पाहिला नव्हता. पण वीण पाहिली होती. चूक कुठल्या काडीला झाली हे हातभर लांबून सांगणारी बाई ती. तिनं मान कलती केली.

लाल ठिपके वेडेवाकडे नव्हते. पायऱ्या होत्या. दोन ठिपके एका उंचीवर, मग उडी, पुन्हा दोन एका उंचीवर, पुन्हा तेवढीच उडी. प्रत्येक जोडीतला दुसरा हिरव्यावर नेमका बसलेला. पहिला तेवढा वर.

हे अंदाजाचं काम नव्हतं. हे शिकवलेलं काम होतं. आणि शिकवणारीला ती चांगली ओळखत होती.

शर्वी जन्मली तेव्हा ऋतुजानं सासूकडून एकच शब्द घेतला होता. ऋतुजाही बुरुडाचीच पोर, लोणंदची. शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमाला तिच्या बापाकडून फुकट टोपल्या यायच्या आणि त्या डोक्यावर घेऊन वर्गात शिरायचं काम तिचं. पोरी नाक धरायच्या. त्यातून शिकून ती खुर्चीवर बसली होती. "हिच्या बोटात बांबूचं कुसळ जाता कामा नये, आत्या," ती म्हणाली होती. हौसाक्कानं नातीच्या टाळूवर हात ठेवून शब्द दिला होता.

पाळला पाच वर्षं. मग एका दुपारी पोर येऊन शेजारी बसली, चिरलेल्या बांबूच्या कामट्या उचलल्या आणि न बघता, खिडकीबाहेर तोंड करून, दोन फेरे विणून मोकळी झाली. असा हात हौसाक्कानं पन्नास वर्षांत दुसरा पाहिला नव्हता, स्वतःचा सोडून. तेव्हापासून शाळा सुटली की दोन तास, ऋतुजा यायच्या आधी. नंतर खोबरेल लावून बोटं चोळायची, कुसळं काढायची.

"इथं सही करा," मॅडमनी कागद पुढं केला. "आज शेवटची तारीख आहे, नाहीतर मी थांबले असते."

ऋतुजानं पेन घेतलं.

गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. घर शाबूत राहिलं असतं. हौसाक्कानं एक श्वास घेतला, तेवढाच.

"थांब. सही करू नको."

"आत्या, प्लीज, इथं नको."

"पोर अंदाज करत नाही. तिला मी चुकीचं, म्हणजे बरोबरच, पण टोपलीचं शिकवलंय." ती मॅडमकडं वळली. "बाई, टोपली कशी होते ठाऊक आहे का? कामट्या उभ्या करायच्या आणि एक लांब पट्टी त्यांच्यातनं फिरवायची. एकीच्या पुढनं, दुसरीच्या मागनं. कामट्या सहा असल्या, आठ असल्या, तर दुसऱ्या फेऱ्याला पट्टी पुन्हा त्याच कामटीच्या पुढनं जाते. वीण धरत नाही. टोपली उचलली की सगळं सुटतं. म्हणून जोडीत आलेल्या कामट्यांत एक जास्तीची खोचायची. आमच्या घरात तिला पाहुणी म्हणतात. सहाच्या सात, आठाच्या नऊ. मग पट्टी आलटून पालटून पडते."

मॅडम आधी तिच्याकडं आणि मग फळ्याकडं बघत राहिल्या. "म्हणजे सहा चोक म्हटलं की ही…"

"सहा कामट्या, चार फेरे. पण सहा असल्या की हात आपोआप सातवी खोचतो. साताला चार फेरे मारले की वेढे किती? अठ्ठावीस. तुमच्या त्या पायऱ्या बघा की. तीन, पाच, सात, नऊ बरोबर आहेत. चुकलीय ती फक्त जोडीच्या आकड्यांना, दोन-चार-सहाला."

हौसाक्का नातीपुढं उकिडवी बसली. "शर्वे, बाईंच्या गणितात पाहुणी धरायची नाही. गणित काही उचलून बाजारात न्यायचं नसतं. सुटलं तर सुटू दे. सहा चोक?"

पोरीची बोटं हलली, थबकली, एक बोट मागं आलं. "चोवीस."

"आठ चोक?"

"बत्तीस. आज्जी, बाईंना टोपली करायची नव्हती होय?"

मॅडमना हसू आवरेना. पण ऋतुजा हसली नाही. तिनं पेनाचं टोपण लावलं.

"कधीपासून?"

"तीन वर्षं."

"माझ्या पाठीमागं."

"पुढ्यात तू करू दिलं नसतंस."

"शब्द दिला होता तुम्ही. हिच्या डोक्यावर हात ठेवून."

"दिला होता. मोडला. इथं भांडायचं का घरी जाऊन, ते तू ठरव. पण आधी हा कागद निस्तर."

मॅडमनी कपाळ चोळलं. "आजी, उत्तरं बरोबर आली, मला पटलंही. पण फळा अजून कोराच आहे. यंत्र ही उत्तरं 'पाठ केलेली' म्हणूनच नोंदवणार. त्याला चित्र लागतं."

"माझ्या डोक्याला बांधा."

"अहो, पण…"

"बांधा म्हणते ना."

अंबाडा आडवा येत होता. परक्यांपुढं तिनं कधी केस सोडले नव्हते. आत्ता सोडले. पट्टी बांधली. मॅडम म्हणाल्या, "डोळे मिटा आणि सात कामट्यांची टोपली डोळ्यांसमोर आणा."

हौसाक्कानं मनात चार फेरे मारले. फळा कोरा.

"काय दिसतंय, आजी?"

"दिसायचं काय? डोळे मिटलेत. अंधार."

"टोपली नाही दिसत?"

"मिटल्या डोळ्यांनी? तुम्हाला दिसते?"

"दिसते की. माझं लहानपणीचं घर म्हटलं तर दाराचा रंगसुद्धा दिसतो."

हौसाक्कानं डोळे उघडले आणि सुनेकडं पाहिलं. "तुला?"

"सगळ्यांनाच दिसतं, आत्या," ऋतुजा म्हणाली. रागातही तिला नवल वाटलं. "मामंजींचा चेहरा आठवा बरं. दिसत नाही?"

हौसाक्कानं आठवून पाहिलं. लोक म्हणायचे, माणूस डोळ्यांपुढं उभा राहतो. तिला वाटायचं, बोलायची रीत आहे, रडताना बायका म्हणतात तशी. नवरा जाऊन सव्वीस वर्षं झाली होती. त्याचा तळहात तिला अजून ठाऊक होता, अंगठ्याखालचा घट्टा, उजव्या करंगळीचं वाकडं पेर. चेहरा फोटोत बघितला तरच.

"मला तो हातानं आठवतो," ती म्हणाली. आणि लगेच, कुणी कीव करायच्या आत, "तर मग तुमची पट्टी भलत्या जागी बांधलीय, बाई. हाताचं बघा. हात डोक्यात कुठं असतात?"

मॅडमची खुर्ची करकरली. प्रशिक्षणात ऐकलेलं त्यांना आठवत असावं. "माथ्यावर," त्या हळूहळू म्हणाल्या. "एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, पोरी हेअरबँड लावतात ना, बरोबर तिथं. स्पर्शाची आणि हालचालीची जागा. नुसता हात हलवायचा विचार केला तरी तिथं कुजबुज होते. पण त्याचा कोश यंत्रात नाही. कोण भरणार? सगळं बघण्याचंच भरलंय. तिथं लावली तर नुसत्या लाटा दिसतील."

"दिसू देत."

पट्टी पुढं सरकवली. मॅडमनी चित्राऐवजी कच्च्या लाटा फळ्यावर घेतल्या. एक थरथरती रेघ आली, पावसाळी नाल्यासारखी गढूळ. हौसाक्कानं हात मांडीवर निश्चल ठेवले, डोळे मिटले आणि मनातल्या मनात विणायला लागली.

रेघ उसळली. एक उंचवटा, दुसरा, तिसरा. मॅडमनी बोटानं मोजले. सात. मग जरा सपाटी, वळण घेताना हात थांबतो तेवढी. पुन्हा सात. सपाटी. चार वेळा सात झाले आणि रेघ पडून राहिली.

"सात चोक," मॅडम पुटपुटल्या.

"आता पोरीला."

शर्वीच्या माथ्यावर पट्टी आली. "सहा चोक," मॅडम म्हणाल्या. रेघेवर उंचवटे आले, आजीइतके ठसठशीत नव्हते, पण होते. सहा. सपाटी. सहा. सपाटी. सहा. सहा.

"बारा चौदा सांग गं," हौसाक्का म्हणाली.

"आजी, ते यांना शिकवलेलं नाही."

"कामट्या बारा, फेरे चौदा. शिकवायचं काय त्यात?"

पोर खिडकीबाहेर बघत बसली. रेघ उसळत राहिली, पडत राहिली. दीड-दोन मिनिटं गेली असतील.

"एकशे अडुसष्ट," शर्वी म्हणाली. "पाहुणी नाही धरली."

मॅडम खाली बसल्या. "सहा वर्षांत या शाळेतून अकरा पोरं मी पायाभरणीत पाठवली," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "अकरा."

ऋतुजा एकदम उठली. "मला आत्यांशी बोलायचंय. बाहेर."

व्हरांड्यात जोडे काढायची जागा होती, तिथं दोघी उभ्या राहिल्या. हौसाक्काचे केस अजून मोकळेच होते.

"तीन वर्षं तुम्ही तिला माझ्याशी खोटं बोलायला शिकवलंत," ऋतुजा म्हणाली. "टोपलीचं नाही मला काही. ती रोज संध्याकाळी माझ्या गळ्यात पडायची, हाताला खोबरेलाचा वास, आणि मी म्हणायची, आज्जीनं लाड केले वाटतं. ती मान हलवायची. आठ वर्षांची पोर."

हौसाक्कानं मोकळे केस मुठीत धरून अंबाडा बांधला.

"ते चुकलंच," ती म्हणाली. "माफी मागायची मला सवय नाही."

"मागूही नका. तुम्ही मागितलीत तर मला खरी वाटणार नाही."

"मग काय करू?"

"यापुढं तिला शिकवायचं ते उघड्यावर. ओसरीवर. मी घरात असताना. आणि ती नको म्हणाली तर त्या दिवशी बंद. तिनं बुरूडकाम करायचं का नाही, ते तिचं ती ठरवेल. तुम्ही नाही."

"आणि तूही नाहीस," हौसाक्का म्हणाली.

ऋतुजानं ओठ दाबले. "मीही नाही," ती म्हणाली.

ती आत गेली. संमतीपत्र ओढून घेतलं. खाली दोनच चौकोन होते, 'चित्र उमटले' आणि 'चित्र उमटले नाही'. सेतू केंद्रात रोज शंभर अर्ज तपासणारी बाई ती. तिनं दोन्ही चौकोन सोडले, सहीच्या जागेवर आडवी रेघ मारली आणि वर ठळक अक्षरात लिहिलं, 'पालकांना अमान्य. यंत्राची तपासणी अपुरी.' मग तारीख, वेळ, आणि त्याखाली सही. "याची पोच द्या मला, मॅडम. शिक्क्यासकट."

मॅडमनी शिक्का मारला. "अमान्य झालं की मला तीस दिवस मिळतात पुरावा द्यायला. नुसत्या लाटा दाखवून चालणार नाही. हातांचा कोश भरावा लागेल. किती कामट्या, किती फेरे, कुठल्या लाटेला कुठला आकडा, हे यंत्राला पुन्हा पुन्हा दाखवायला लागेल. दीडशे तास तरी. एवढा वेळ रोज येऊन बसणार कोण? आणि त्या अकरा पोरांचं म्हणाल तर त्यांचं परत येणंही त्यावरच अवलंबून."

सोमवारी साडेदहाला हौसाक्का शाळेत हजर झाली. हाताखालच्या चार बायकांनाही घेऊन आली, वेळ लागला तर पाळ्या लावायला. ती स्वतः तिसरीच्या पहिल्या बाकावर बसली. बाक इतका बुटका की गुडघे हनुवटीला लागत होते. मागं शर्वी आपल्या जागेवर होती, वही उघडून.

मॅडमनी हौसाक्काच्या माथ्यावर पट्टी घट्ट केली. "आजी, कंटाळा आला तर सांगा. पहिले काही दिवस या यंत्राला काहीच कळणार नाही. तेच तेच दाखवायला लागेल. किती वेळ बसाल?"

हौसाक्कानं समोरच्या कोऱ्या फळ्याकडं पाहिलं.

"शिकेपर्यंत बसेन," ती म्हणाली. "मठ्ठ पोरं मी पुष्कळ शिकवलीत."